उठवल्याशिवाय कट नाही

भास्कर,

परवा मी तुला फोन लावला. काहीतरी विचारायचं होतं, आणि गेली कित्येक वर्षं काही अडलं की माझी बोटं तुझाच नंबर दाबतात, तशी दाबली. रिंग वाजायला लागल्यावर भानावर आले. ठेवणार तेवढ्यात पलीकडून रोहिणीने उचलला. तुझा फोन ती अजून चार्ज करून ठेवते. "ताई, मीच आहे," एवढंच म्हणाली तुझी बायको. तिच्या मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

विचारायचं होतं ते तिच्याच मागणीबद्दल. तुझ्या तेराव्याला, शेवटची पंगत उठल्यावर, रोहिणी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ओट्याला टेकून म्हणाली, "ताई, तुमच्या मशीनमध्ये हे आहेत ना? सईला एकदा दाखवा. चालताना. तिला बापाचं चालणं आठवतच नाही."

आता मी काय करायचं होतं? तू मला सांगितलं होतंस, सगळं पुसून टाक. मी तुला सांगितलं होतं, पुसणार नाही. त्यावरून आपलं जे भांडण झालं ते मिटलं नाही, नुसतं थांबलं. आणि तू मधेच उठून गेलास. भांडण अर्धं टाकून तरातरा निघून जायची तुझी सवय जुनीच आहे, पण दुसऱ्या दिवशी तू चहाला यायचास आणि काही झालंच नाही असं दाखवायचास. या वेळी आला नाहीस. मला तुझा भयंकर राग आलाय. राग उतरला की रडू येतं, आणि रडून झालं की परत राग येतो. सध्या माझं हे असं चाललंय.

तुला पहिल्यांदा बघितलं तेव्हाही मी चिडलेलीच होते. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आमची हौशी मंडळी नाट्यस्पर्धेसाठी एक ऐतिहासिक नाटक बसवत होती आणि रंगमंचामागची सगळी उस्तवार माझ्या गळ्यात होती. तलवारींच्या लढाया बसवायला दिग्दर्शकाने तुला पंचवटीतल्या कुस्तीच्या तालमीतून आणलं. खांद्यावर पंचा, दंडाला काळा दोरा, आणि जगात मला सगळं येतं असा चेहरा. नाटकाच्या पहिल्याच तालमीत तू पत्र्याची तलवार अशी काही फिरवलीस की मागचा किल्ल्याचा पडदा बुरुजापासून खालपर्यंत फाटला. भाड्याचा पडदा! मी सगळ्यांसमोर तुला झाडलं. तू शांतपणे म्हणालास, "बाई, लढाई चालू आहे. किल्ल्याला काहीतरी होणारच." सगळे हसले आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी येऊन बघते तर तू जमिनीवर मांडी घालून पडदा शिवत होतास, दाभण आणि सुतळीने. नामपूरच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या शिवत वाढलेला तू, तुला दुसरी शिवण ठाऊकच नव्हती. आमचा किल्ला त्या वर्षी बोटभर लांबीच्या टाक्यांसकट उभा राहिला. परीक्षकांना ती तटबंदीची डागडुजी वाटली. त्यानंतर आपण भांडणं कधी थांबवलं नाही आणि मैत्रीही थांबवली नाही. तुला ठाऊक नसलेल्या गोष्टीवरही तू घरच्या अहिराणीत ठोकून द्यायचास, "माले माहीत शे." मी म्हणायचे, काय माहीत आहे ते सांग. त्यावर तू विषय बदलायचास.

मग मी कॉम्प्युटरच्या नादाला लागले, तू तालमीत पोरं घडवत राहिलास. दोन हजार साल उलटल्यावर आमच्या छोट्या ॲनिमेशन कंपनीने अंबडच्या एमआयडीसीत एक शेड घेतली. परदेशी व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांचं काम आम्हाला मिळालं होतं. जिवंत माणसाच्या अंगावर सांध्यासांध्याला चमकणारे छोटे गोळे लावायचे, भोवती कॅमेरे उभे करायचे, आणि त्याला मारामारी करायला लावायची. कॅमेऱ्याला माणूस दिसत नाही, फक्त गोळे दिसतात. त्या ठिपक्यांवरून मग गेममधला सैनिक, राक्षस, काय असेल ते हलतं. ते सगळं सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. लढणारा मात्र कोणी नव्हता.

मी तालमीच्या दाराबाहेर उभी राहिले. तू लाल मातीने माखलेला बाहेर आलास. मी बरीच माथेफोड करून तुला समजावलं.

"म्हणजे मारामारी मी करायची आणि दिसायचं दुसऱ्याने?"

"हो."

"थोबाड माझं नाही?"

"नाही."

"मग येतो," तू म्हणालास. "या थोबाडावर कोणी काम देईल असं आईला कधी वाटलंच नाही."

पहिल्याच दिवशी स्क्रीनवर तुला तीन मनगटं उगवली. आम्ही वायरी बदलल्या, कॅमेरे हलवले, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. तिसरं मनगट तिथेच. शेवटी लक्षात आलं, तुझ्या हातातलं चांदीचं कडं. चमकेल तो आपला गोळा, एवढंच त्या कॅमेऱ्यांना कळतं. मी म्हटलं, कडं काढ. तू म्हणालास, आईने गडावर देवीच्या पायाला लावून घातलंय, राक्षस झालो तरी चालेल, कडं निघणार नाही. आपण त्यावर एक सबंध सकाळ भांडलो आणि मग त्याला वायरमनची काळी चिकटपट्टी गुंडाळली. पुढे प्रत्येक शूटिंगच्या सकाळी तू राखी बांधून घेतल्यासारखा हात पुढे करायचास आणि मी बडबड करत पट्टी गुंडाळायचे. ते रीळ अजून माझ्या टेबलावर आहे. काल ते हातात घेतलं आणि मला काही सुचेना झालं.

आणि तुझी ती नाटकातली विद्या! रंगमंचावर ठोसा नाकासमोरून वीतभर लांबून जातो. समोरच्याने मान झटकली की काम झालं, कारण प्रेक्षक एकाच बाजूला बसलेले. गेम खेळणारा मात्र कॅमेरा फिरवत फिरवत पार मागे जाऊन बघतो. पहिल्या आठवड्याचं काम आपण स्क्रीनवर मागून बघितलं. तुझा हात हवेत, शत्रू वीतभर लांब, आणि तरी बिचारा धाडकन आडवा. तू हसत हसत खाली बसलास. मग कित्येक महिने तू त्याच्या मागे लागलास. चारी बाजूंनी खरा दिसला पाहिजे आणि समोरच्याचे दात जागेवर राहिले पाहिजेत, असा मार. नेहमी जमायचं असं नाही. एकदा तुझ्या अंदाजाची चूक झाली आणि समोरच्याचा ओठ फाटला. तेव्हा तू अंगावरच्या गोळ्यांसकट गेटबाहेर पळालास आणि बर्फगोळेवाल्याकडून बर्फाचा तुकडा घेऊन आलास. गोळेवाला आठवडाभर मला विचारत होता, ते चमकणारे साहेब कोण.

आता आपल्या खऱ्या भांडणाकडे येते. उठवल्याशिवाय कट नाही.

तालमीत ज्याने पाडलं त्यानेच हात देऊन उठवायचं, ही तुमची रीत. तू ती आमच्या शेडमध्ये आणलीस. लढाई झाली, शत्रू पडला, की मी ओरडायचे, "कट!" आणि तू ओरडायचास, "कट नाही!" मग वाकून समोरच्याला हात द्यायचास, उठवायचास, त्याची पाठ झटकायचास, लागलं का विचारायचास, आणि दोघंही आपापल्या पहिल्या जागी चालत गेल्यावरच रेकॉर्डिंग बंद करायला द्यायचास.

"अरे, तो मेलाय," मी म्हणायचे. "मेलेल्याला कोण उठवतं?"

"गेममध्ये मेलाय. इथे माझा माणूस खाली पडलाय."

"मग उठव ना. मशीन कशाला चालू पाहिजे?"

"कारण तू कट म्हणालीस की सगळे स्क्रीनकडे वळतात. कसं झालं, कसं झालं. पडलेल्याकडे एक जण बघत नाही. त्याची मान मुरगळली असली तरी कळणार नाही. मशीन चालू असेल तोवर तरी तुम्ही बघता."

पण हार मानायचा माझाही स्वभाव नाही. मी डिस्क भरल्याचं रडगाणं लावायचे. तिकडच्या लोकांना फक्त लढाई हवी असायची. ती कापून पाठवल्यावर प्रत्येक लढाईचं ते शेपूट आमच्याकडे उरायचं. तू वाकतोयस, उठवतोयस, चालत परत जातोयस. ना कोणाला विकता येणार, ना कशात वापरता येणार. ते सगळं मी एका जुन्या डिस्कवर ढकलत गेले आणि त्यावर मार्करने लिहिलं, "भास्करचा कचरा". तू ते वाचलंस आणि खाली सही केलीस.

एकदा तुझ्यासमोरचा गडी टायफॉईडने आडवा झाला आणि काम त्याच दिवशी हवं होतं. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, वेडा आहेस का, माझं वय बघ, वजन बघ. तू म्हणालास, "मार खायला वय लागत नाही." आणि मला त्या काळ्या घट्ट सूटमध्ये कोंबलंस. सकाळभर गादीवर पडायला शिकवलंस. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, तळवा जमिनीवर आपटायचा, भ्यायचं नाही. शेजारच्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधली माणसं दारात येऊन माना वाकड्या करून बघायला लागली. मी लाजेने लाल. तू दारापाशी गेलास आणि म्हणालास, "या ना आत. पडायला माणसं कमीच आहेत." क्षणात दार मोकळं. दिवसभर तू मला पाडत होतास आणि उठवत होतास. संध्याकाळी माझं सगळं अंग ठणकत होतं, आणि त्या दिवसाइतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वर्षभर माझी टिंगल केली असतीस. करायचीस. चाललं असतं मला.

मग ते डाव्या पायाचं सुरू झालं.

स्क्रीनवर तुझ्या डाव्या पायाच्या बोटाचा ठिपका नीट उचलला जाईना. पाऊल पुढे टाकताना तो जमिनीला घासून जायचा. शेजारचं प्रेस शॉप आमचं जुनं दुखणं होतं. तिथे मोठा ठोका पडला की आमचे कॅमेरे हादरायचे आणि सगळी मापं चुकायची. तेव्हा आपण दोघांनीही तेच धरलं. कॅमेरे पुन्हा बसवले. पायाचा गोळा बदलला. बूट बदलले. तू तर शेजारच्या मालकाशी दोनदा कचाकचा भांडून आलास आणि फार समाधानात होतास. शेवटी औद्योगिक सुट्टीच्या दिवशी, सगळी एमआयडीसी बंद असताना, आपण शूटिंग ठेवलं. सुई पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. ठिपका तरीही घासतच होता. मी म्हटलं, सॉफ्टवेअरची गडबड असेल. तू म्हणालास, "माले माहीत शे, या मशीनचंच डोकं फिरलंय."

मशीनचं डोकं ठिकाणावर होतं रे. ते आपल्याला महिनोन् महिने खरं तेच सांगत होतं आणि आपण दोघं मिळून त्याला खोटं पाडत होतो.

त्यानंतर काही दिवसांनी मिसळीच्या दुकानाच्या पायरीवर तू अडखळलास. पायरी कसली, चार बोटं उंचवटा. पडला नाहीस, भिंत धरलीस. आणि माझ्याकडे बघितलंस. तुझ्या चेहऱ्यावर भीती मी तोवर कधी पाहिली नव्हती. आपण दोघंही एकदमच समजलो. मिसळ पुढ्यात आली आणि तशीच राहिली.

मुंबईच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि ते काय करतं तेही सांगितलं. एकेक स्नायू सुकत जाणार, आधी पाय, मग हात, मग गिळणं, बोलणं. औषध नाही. मी मुद्दाम विचारलं, आधी कळलं असतं तर? म्हणाले, काहीच फरक पडला नसता. तेवढ्यावर मी झोपू शकते. तुझी सई तेव्हा नुकती भिंत धरून उभी राहायला शिकत होती. एकाच घरात, एकाच भिंतीला धरून, ती चालायला लागली आणि तुझं चालणं गेलं. रोहिणी दोघांच्या मधे उभी असायची, आधी कोणाला धरू ते न कळून. मी ते बघायचे आणि काहीतरी काम काढून घरी निघून यायचे.

तू खुर्चीत बसायला लागल्यावर मी तुला एक दिवस शेडमध्ये आणलं. मला वाटलं, तुला बरं वाटेल. मी ती कचऱ्याची डिस्क लावली. अंधाऱ्या स्क्रीनवर तू, नुसते पांढरे ठिपके, पण कोणीही ओळखलं असतं. तू वाकत होतास, उठवत होतास, चालत जात होतास. मी तुझ्याकडे बघत होते आणि तू हसायची वाट बघत होते. तू हसला नाहीस.

"पुसून टाक," म्हणालास.

"काय?"

"हे सगळं. पुसून टाक."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हे तुझं आहे, भास्कर. सई मोठी झाली की तिला दाखवायला..."

"म्हणूनच." तेव्हा तुझी जीभ जड व्हायला लागली होती, शब्द ओढून काढायला लागायचे. "ती हे बघेल. मग मला बघेल. सांग, दोघांत तिला कोण आवडेल?"

मी म्हटलं, असं काही नसतं. तू म्हणालास, असंच असतं. मी म्हटलं, तिला कळायला नको का, बाप काय होता ते? तू म्हणालास, "बाप काय होता नाही. बाप काय आहे. ती मला आहे तसा बाप समजते. पायाशी येऊन बसते. तिच्या डोक्यात दुसरा कोणी घालू नको. त्याच्यापुढे मी हरेन."

मी ओरडले, पुसणार नाही म्हणजे नाही. तूही ओरडलास, जेवढं ओरडता येत होतं तेवढं. मग तू खुर्ची फिरवायला गेलास, आणि हातात तेवढा जोर उरला नव्हता. तुला माझ्यासमोरून तरातरा निघून जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. शेवटी मीच तुझी खुर्ची ढकलत तुला गाडीपर्यंत नेलं. तुझ्याशी भांडलेल्या माणसाने तुला ढकलत न्यावं, याच्याएवढं वाईट मला आयुष्यात दुसरं काही वाटलेलं नाही.

तो विषय आपण पुन्हा काढला नाही. मी येत राहिले. तुला क्रिकेटचा स्कोअर सांगायचे, कंपनीतली भांडणं सांगायचे. तुझं बोलणं गेलं तेव्हा तू भुवयांनी बोलायचास. उजवी भुवई वर म्हणजे थापा मारू नकोस. शेवटच्या आठवड्यात मी एकदा तुझ्याजवळ एकटीच होते. मला विचारायचं होतं, भास्कर, तू असताना दाखवणार नाही, हे मी पाळलं. पण नंतरचं काय? कसं विचारणार? तुझ्या डोळ्यांत बघून "नंतर" हा शब्द कसा उच्चारणार? मी तुझ्या पायांवरची चादर नीट केली आणि म्हटलं, उद्या येते. तू भुवई वर केलीस. थापा मारू नकोस, की ये, ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणीचा फोन आला.

म्हणून परवा तो वेड्यासारखा फोन. तू तर काही बोलणार नव्हतास. मग मीच ठरवलं. ज्या बाईने तुला इतकी वर्षं भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. तुझ्यानंतर तुझ्यावर हक्क तिचा आहे, माझा नाही. तुझाही नाही म्हण हवं तर.

काल सुट्टी होती, प्रेस शॉप बंद होतं. दोघींना शेडमध्ये आणलं. सई माझ्या मांडीवर बसली. तिने दोन वेण्या घातल्या होत्या आणि एकीची रिबीन सुटली होती. मी कचऱ्याच्या डिस्कवरची हाताला येईल ती फाईल उघडली. निवडत बसायचं बळ नव्हतं. काळ्या पडद्यावर दोन माणसांचे ठिपके आले. एक उभा, एक खाली पसरलेला. लढाई संपल्यानंतरची जागा. दोन-चार क्षणांनी मला कळलं, खाली पडलेली मी आहे. तो आपला टायफॉईडचा दिवस होता.

"यातले बाबा कुठले, सांग बरं?" रोहिणीने विचारलं. आवाज सांभाळून.

सईने एक क्षणही विचार केला नाही. पडलेल्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "हे."

"नाही गं सोन्या. ते बघ, उभे आहेत ना, ते बाबा."

"नाही. हे. हे झोपलेत ना. बाबा झोपलेलेच असतात."

रोहिणी तोंडावर पदर धरून मागे वळली. मीच कसंबसं म्हटलं, "सई, ती मी आहे गं. बाबांनी मला पाडलंय."

तिने मान वळवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू एवढी बारीक?"

तुला काय हसू आलं असतं, भास्कर. मलाही आलं, आणि त्या हसण्यातच मला रडू फुटलं. तेवढ्यात स्क्रीनवरचा उभा माणूस वाकला. त्याने हात पुढे केला, पडलेलीला ओढून उठवलं, तिची पाठ झटकली. मग वळला आणि चालायला लागला. उजवा खांदा जरा खाली, गोण्या वाहून वाहून तसाच राहिलेला. पावलं थोडी बाहेर फाकलेली. दोन्ही पावलं उचललेली, पूर्ण. रोहिणी पुढे आली आणि तिने तळहात काचेवर ठेवला. "हेच," ती म्हणाली. "जिना चढून असेच यायचे. मला भाजी चिरता चिरता कळायचं, आले." ती तशीच उभी राहिली.

सई माझ्या मांडीवरून पुढे वाकली. "परत लाव," म्हणाली. मी लावलं. पुन्हा "परत". तू वाकत होतास, मला उठवत होतास, चालत होतास. ती श्वास रोखून बघत होती. मला भीती वाटत होती, आता काय म्हणेल. तुझं ते वाक्य माझ्या कानात वाजत होतं.

"बाबांनी तुला उचललं?" तिने विचारलं.

"हो."

"मी पण बाबांना उचलायचे," ती म्हणाली. "पाणी पिताना. आई पाजायची आणि मी मान उचलायचे. अशी, दोन्ही हातांनी. खूप जड असते मान. पण मी पाडली नाही."

तिने हात करून दाखवले. छोटे तळवे, वाटीसारखे जोडलेले, आणि त्यांच्यात तुझं डोकं अजून असावं तशी सावध.

तू विचारलं होतंस, दोघांत कोण. मिळालं ना उत्तर? न विचारता पडलेल्यावर बोट ठेवलं पोरीने. तू कोणापुढे हरला नाहीस रे. उगाच जीव जाळलास, आणि ते तुला सांगायला मला दोन आठवडे उशीर झाला. याचं दुःख मला मरेपर्यंत पुरेल. उभा असलेला मात्र ती पुन्हा बघायला येणार आहे, पुढच्या सुट्टीला. रिबीन बांधून घेता घेता तसं तिनेच मला बजावलंय. मी ते पुसणार नाही.

भांडायचं असेल तर ये.